घरी घडवलेल्या दुर्बिणीच्या आरशाची चाचणी आणि फिगरिंग

कार्बोरंडम या घासण्याच्या भुकटीचे सगळे टप्पे पार पडले, सेरियम ऑक्साइडने काचेला पूर्ण चकाकी आली आणि भिंगातून पाहताना पृष्ठभागावर एकही खड्डा दिसेनासा झाला, की काम संपत आले असे वाटू लागते. दुर्बिणीचा आरसा खऱ्या अर्थाने तपासण्याजोगा होतो तो मात्र येथपासूनच. यापुढे फिगरिंगमध्ये, म्हणजे पृष्ठाला नेमका आकार देताना, काचेवरून जे काढायचे असते ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते, ते बोटाला जाणवत नाही आणि डोळ्याला थेट दिसतही नाही. म्हणून या टप्प्यावर हातापेक्षा चाचणीवर अधिक विसंबावे लागते, आणि चाचणीने स्पष्ट उत्तर दिल्याशिवाय काचेला पुन्हा हात लावू नये, हे पुढील सर्व सूचनांचे सार आहे.

उदाहरणासाठी १५० मिमी व्यासाचा, २५ मिमी जाडीचा आणि १२०० मिमी नाभीय अंतराचा, म्हणजे एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा घेतला आहे. त्याची वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिमी असते आणि मध्यभागी त्याची खोली सुमारे १.१७ मिमी भरते. पहिल्या आरशासाठी हेच माप निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण गणितात आहे. दूरच्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणायचे तर आरशाचा छेद अन्वस्ताकार (पॅराबोला) असावा लागतो, पण घासताना आणि पॉलिश करताना काच आपोआप गोलाकडे जाते. या आरशात मध्याशी जुळवलेले गोल आणि अन्वस्त कडेपाशी एकमेकांपासून केवळ २८६ नॅनोमीटर दूर असतात, आणि सर्वांत जवळच्या गोलाशी तुलना केली तर हा फरक सुमारे ७२ नॅनोमीटरवर येतो. प्रकाश आरशावर येऊन परत फिरत असल्यामुळे काचेवरची चूक प्रकाशलहरीत दुप्पट होते. साधारण ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी पाव लहरीची जी रूढ मर्यादा मानली जाते, तिच्या अगदी उंबरठ्यावर हा आरसा नुसता गोल असतानाही उभा असतो. हाच व्यास एफ/५ मध्ये घेतला तर गोल आणि अन्वस्त यांतला फरक चौपट होतो आणि नवख्या माणसाची तेथे दमछाक होते. एफ/८ मध्ये म्हणूनच स्वच्छ कडा आणि गुळगुळीत पृष्ठ यांना पहिले महत्त्व द्यावे, अन्वस्ताच्या शेवटच्या काही टक्क्यांना नंतर.

जागा, ऋतू आणि काचेचे तापमान

विदर्भात हे काम करताना सर्वांत मोठी अडचण उष्णतेची असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या छपराखाली दुपारी पिच, म्हणजे पॉलिशिंगच्या तबकडीवरचा राळेचा खाचा पाडलेला थर, वाहू लागते आणि कूलर चालू असलेल्या खोलीत हवा इतकी हलते की चाचणीत आरशावर दिसणारी सावली क्षणभरही स्थिर राहत नाही. दिवाळीनंतर ते साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी उत्तम. मात्र त्या दिवसांत दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठे अंतर पडते, म्हणून चाचणीसाठी घरातली आतली, जाड मातीच्या भिंतींची खोली निवडावी. जुन्या धाब्याच्या घरातली मधली खोली सिमेंटच्या नव्या खोलीपेक्षा या कामी कितीतरी सरस ठरते, कारण मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर बाहेरचा चढउतार आत फार हळू येऊ देतात. शेजारी चक्की असेल तर ती बंद झाल्यावरच चाचणीला बसावे, आणि अंगणातून ट्रॅक्टर जाण्याची वेळ टाळावी, कारण जमिनीचा कंप चाचणीच्या उपकरणातल्या सुरीच्या धारेपर्यंत (तिचे वर्णन पुढे येते) पोहोचतो.

कापूस वेचणीच्या हंगामात घरात साठवलेल्या कापसाची बारीक तूस हवेत तरंगत असते. पॉलिशिंगची जागा तिच्यापासून पूर्णपणे दूर ठेवावी आणि पिचची तबकडी वापरात नसताना झाकून ठेवावी, कारण तुसेबरोबर चिकटून आलेला मातीचा एक कण आठवडाभराच्या पॉलिशिंगवर ओरखडा ओढू शकतो.

पॉलिशिंगच्या घर्षणाने काचेचा दर्शनी भाग गरम होतो आणि पाण्याने धुतला की तो घाईने थंड होतो. दोन्ही वेळा तिचा आकार खोटा असतो. खिडकीच्या साध्या काचेचे प्रसरण बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ पावणेतीन पट असल्यामुळे साध्या काचेचा आरसा स्टँडवर ठेवल्यावर किमान दोन तास, शक्य असल्यास रात्रभर तसाच राहू द्यावा. हे किती महत्त्वाचे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करावाच. चाचणीची सावली स्थिर दिसू लागली, की स्वच्छ, कोरडा अंगठा आरशाच्या पृष्ठावर अर्धा मिनिट टेकवून ठेवावा, मग तो उचलून पुन्हा सुरीच्या धारेमागून पाहावे. जेथे अंगठा होता तेथे एक टेकडी उभी राहिलेली दिसते, तिची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असते, आणि मिनिटामागून मिनिट ती हळूहळू खाली बसत जाते. अंगठ्याच्या उबेने काच जेवढी फुगली तेवढाच फरक आपल्याला घासून काढायचा किंवा टाळायचा असतो, हे एकदा पाहिले की थांबण्याचा कंटाळा येत नाही.

चाचणीचे उपकरण

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको याने १८५८ च्या सुमारास मांडलेली सुरीच्या धारेची चाचणी आजही घरगुती आरशासाठी पुरेशी आहे आणि तिला लागणारे सगळे साहित्य तालुक्याच्या गावी मिळते. तत्त्व साधे आहे. गोल आरशाच्या वक्रता केंद्रापाशी प्रकाशाचा बारीक स्रोत ठेवला, तर परत आलेले सर्व किरण स्रोताच्या शेजारीच एका ठिकाणी जमतात. त्या ठिकाणी धार आडवी सरकवली तर आरसा एकदम सर्वत्र सारखा अंधारतो, आणि पृष्ठात कोठे चूक असेल तर तेथले किरण वेळेआधी किंवा वेळेनंतर अडतात.

दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून त्यांच्यामध्ये स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या जाडीएवढी उभी फट ठेवावी आणि तिच्यामागे सेलवर चालणारा एलईडी बसवावा. सेलचा दिवा असला की रात्रीची लाइन गेली तरी काम अडत नाही. फटीच्या शेजारी, दोनेक सेंटिमीटरवर, तिसरे ब्लेड धार म्हणून उभे करावे. फट आणि धार एकमेकींना समांतर असणे आवश्यक आहे, अन्यथा सावली धूसर येते. हे दोन्ही भाग एकाच पाटीवर बसवले तर धार पुढेमागे सरकताना स्रोतही बरोबर सरकतो. पुढील सर्व आकडे अशाच सरकत्या स्रोतासाठी दिले आहेत, स्रोत स्थिर ठेवून फक्त धार सरकवली तर ते दुप्पट घ्यावेत.

पाटी आरशाच्या दिशेने पुढेमागे सरकवण्यासाठी ६ मिमीचा नेहमीचा बोल्ट उत्तम. त्याच्या लागोपाठच्या आट्यांमधले अंतर एक मिमी असते, म्हणून बोल्टाच्या डोक्यावर जुनी सीडी चिकटवून तिच्या कडेवर शंभर भाग आखले तर प्रत्येक भाग ०.०१ मिमी होतो. आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा असतोच, त्यामुळे पाटी स्प्रिंगने किंवा रबराने एका बाजूला ओढलेली ठेवावी आणि प्रत्येक वाचन घेताना बोल्ट एकाच दिशेने फिरवत यावे.

आरशाचे स्टँड जड असावे. आरसा त्यावर खालच्या दोन खुंट्यांवर उभा राहावा, प्रत्येक खुंटी तळाच्या मध्यापासून ४५ अंशांवर असावी, आणि वरून त्याला कोठेही चिमटा बसू नये. चिमटा बसला तर काच वाकते आणि ती वाकलेली काच आपण चूक समजून घासायला लागतो. उपकरण आणि आरसा यांच्यामध्ये सुमारे २४०० मिमी अंतर ठेवून, दोन्ही बाजूंना जुन्या चादरी टांगून हवेची वाट बंदिस्त करावी.

सावली कशी वाचावी

खोलीत अंधार करून फटीच्या शेजारी पांढरा कागद धरावा आणि आरसा थोडाथोडा कलवत परत आलेला उजेड त्या कागदावर आणावा. मग कागद काढून तेथे डोळा ठेवला की पूर्ण आरसा उजेडाने भरलेला दिसतो. आता धार डावीकडून हळूहळू आत आणावी. सावली डावीकडूनच, म्हणजे धारेच्या दिशेनेच, आरशावर सरकली तर धार वक्रता केंद्राच्या आत, आरशाच्या बाजूला आहे, आणि सावली उजवीकडून आली तर ती केंद्राच्या पलीकडे आहे. या दोहोंच्या मधल्या जागी आरसा एकदम राखाडी होतो.

या राखाडी अवस्थेत आरशाचे पृष्ठ सपाट पत्र्यासारखे भासते आणि त्यावरच्या चुका डोंगरदऱ्यांसारख्या उठून दिसतात. धार डावीकडून येत असेल तर उजेड उजवीकडून तिरपा पडला आहे असे समजून चित्र वाचावे. उजवी बाजू उजळ आणि डावी काळी असेल तर तो उंचवटा, याच्या उलट असेल तर खळगा. पूर्ण गोलावर काहीच दिसत नाही, फक्त सारखा करडा रंग. अन्वस्तात मात्र मध्ये खोलगट, सुमारे सत्तर टक्के त्रिज्येवर फुगलेले आणि कडेकडे उतरत गेलेले रूप दिसते, नेमका मेदुवडा समोर धरल्यासारखे.

सर्वांत आधी कडा पाहावी. धार डावीकडून अर्धी आत असताना उजव्या कडेवर केसाएवढी बारीक उजळ रेघ उमटायला हवी, डाव्या कडेवरही तशीच. डावीकडची रेघ नसेल आणि उजव्या कडेचा उजेड आत पसरलेला असेल, तर कडा खाली वळली आहे. मध्यभाग कितीही सुंदर असला तरी वळलेल्या कडेचा आरसा ताऱ्याभोवती धुके पसरवतो, म्हणून ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नये.

एखादी विचित्र सावली दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नये. आरसा स्टँडवर ९० अंश फिरवून, पुन्हा थांबून, पुन्हा पाहावे. सावली काचेबरोबर फिरली तर दोष काचेत आहे, आणि जागच्या जागी राहिली तर तो हवेत किंवा स्टँडमध्ये आहे. एवढ्या साध्या तपासणीने कितीतरी निरर्थक घासणे वाचते.

वलयांचे मोजमाप

डोळ्याने रूप ओळखता आले की आकडे घ्यावेत. जाड पुठ्ठ्याचा मुखवटा कापून त्यात समान क्षेत्रफळाची चार वलये करावीत: मध्यापासून ३७.५ मिमीपर्यंत पहिले, तेथून ५३ मिमीपर्यंत दुसरे, ६५ मिमीपर्यंत तिसरे आणि ७५ मिमीपर्यंत चौथे. प्रत्येक वलयाला डावीउजवीकडे एकेक खिडकी ठेवावी. धार पुढेमागे करून ज्या ठिकाणी एकाच वलयाच्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी सारख्या अंधारतात, तेथला सीडीवरचा आकडा लिहून घ्यावा.

क्षेत्रफळे समान ठेवण्याचा मोठा फायदा असा की आदर्श अन्वस्तासाठी लागोपाठच्या वलयांच्या वाचनांमधले अंतर सर्वत्र सारखेच, म्हणजे ०.२९ मिमी येते. कारण हे स्थानांतर त्रिज्येच्या वर्गाला वक्रता त्रिज्येच्या दुपटीने भागून मिळते आणि समान क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येच्या वर्गाचे समान टप्पे. त्यामुळे पहिल्या वलयावर शून्य धरले तर पुढची वाचने अनुक्रमे ०.२९, ०.५९ आणि ०.८८ मिमी यावीत, आणि मध्याकडून कडेकडे जाताना धार आरशापासून दूर सरकत जावी. समजा, प्रत्यक्षात ०.२०, ०.४० आणि ०.६२ मिमी आली, तर आरसा अन्वस्ताकडे सुमारे सत्तर टक्के पोहोचला आहे आणि त्याचे पृष्ठ सलग आहे. ०.३५, ०.७० आणि १.०५ मिमी आली, तर तो सुमारे वीस टक्के पुढे निघून गेला आहे. आकडे ०.१०, ०.५५ आणि ०.६० मिमी असे उड्या मारत आले, तर मात्र टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पृष्ठावर उंचसखल वलय आहे आणि आधी ते जायला हवे.

एका वाचनावर कधीही विश्वास ठेवू नये. प्रत्येक वलयाची चार-पाच वाचने, मध्येच थोडा वेळ डोळ्यांना विसावा देऊन, घ्यावीत आणि सरासरी काढावी. एकाच वलयाच्या वाचनांमध्ये ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर खोलीतली हवा अजून स्थिर झालेली नाही, अशा वेळी दिवा बंद करून दार लावून घ्यावे आणि पहाटे पुन्हा बसावे. वाचनांची वही ठेवावी आणि प्रत्येक पानावर खोलीचे तापमानही लिहावे.

फिगरिंग

फिगरिंगची गुणवत्ता पिचवर ठरते. किराणा दुकानातली राळ आणि थोडे टर्पेंटाइन यांचे मिश्रण कामाला येते, पण ते चुलीवर कधीही वितळवू नये, कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. विजेच्या शेगडीवर राळ वितळवावी, शेगडी बंद करून मगच उघड्या जागेत टर्पेंटाइन मिसळावे. कठीणपणा तपासण्याची जुनी रीत नखाची आहे: नख काही सेकंद दाबल्यावर पिचवर स्पष्ट खूण उमटावी, पण ते रुतत जाऊ नये. ही तपासणी ज्या तापमानात काम करायचे त्याच तापमानात करावी, कारण जानेवारीच्या पहाटे ठीक वाटलेले पिच होळीच्या सुमारास लोण्याएवढे मऊ होते आणि मऊ पिच हेच वळलेल्या कडेचे सर्वांत मोठे कारण असते. तबकडीवरच्या खाचांचा छेद मध्यापासून थोडा बाजूला घ्यावा, नाहीतर काचेवर वलये उमटतात. प्रत्येक बैठकीआधी आरसा ओल्या तबकडीवर वजन ठेवून दाबून बसवावा, म्हणजे पिच काचेचा नेमका आकार घेते.

आरसा वर आणि तबकडी खाली ठेवून मध्यावरून मध्यावर, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे स्ट्रोक (पुढेमागे घासण्याच्या फेऱ्या) दिले तर पृष्ठ गोलाकडे जाते. वाळूने भरलेल्या लोखंडी ड्रमवर तबकडी घट्ट बसवून त्याभोवती फिरत राहावे आणि काही स्ट्रोकनंतर आरसाही हातात थोडा उलट दिशेने वळवावा. स्ट्रोक लांब केले की मध्य अधिक खोल जातो, आणि तबकडी वर घेतली तर आरशाची कडेकडची बाजू अधिक झिजते. मध्यभागी टेकडी असेल तर थोडे लांब स्ट्रोक, मध्य खोल असेल तर लहान स्ट्रोक किंवा थोडा वेळ तबकडी वर. कडा वळली असेल तर पिच किंचित कठीण करून, नीट दाबून बसवून, लहान स्ट्रोकने हलक्या हाताने काम करावे आणि घाई न करता संपूर्ण पृष्ठ त्या कडेच्या पातळीपर्यंत खाली आणावे. अरुंद जागा बोटाने किंवा लहान तुकड्याने घासून दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण नवख्या हाताने ते करू नये. एक वलय जाते आणि दोन उभी राहतात.

आधी स्वच्छ कडेचा गोल मिळवावा आणि मगच अन्वस्ताकडे वळावे. अन्वस्तासाठी आरसा वर ठेवून व्यासाच्या सुमारे तीन चतुर्थांश लांबीचे स्ट्रोक द्यावेत आणि ते देतानाच आरसा मध्यापासून एका बाजूला, व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, सरकवत नेऊन परत मध्यातून दुसऱ्या बाजूला आणावा, म्हणजे हाताची वाट नागमोडी होते. दाब फक्त आरशाच्या वजनाचा. एफ/८ मध्ये हे सगळे मिळून काही मिनिटांचेच काम असते, म्हणून पहिल्यांदा चार-पाच मिनिटे करून थांबावे, धुवावे, स्टँडवर ठेवावे आणि तापमान जुळेपर्यंत वाट पाहून मोजावे. पाच मिनिटांच्या घासण्यासाठी दोन तासांची प्रतीक्षा हे प्रमाण विचित्र वाटले तरी तेच योग्य आहे.

अन्वस्ताकडे नेहमी कमी बाजूने जावे. सत्तर टक्क्यांवरून नव्वदवर जाणे सोपे असते, पण एकशेवीसवर गेलेला आरसा मागे आणायचा तर लहान स्ट्रोकने पुन्हा गोलापर्यंत जावे लागते. तेच करावे, मधला तुकडा भरून काढण्याच्या युक्त्या शोधू नयेत. या आरशात ऐंशी ते शंभर टक्क्यांच्या दरम्यान, गुळगुळीत पृष्ठ आणि स्वच्छ कडा मिळाली, तर काम थांबवावे.

ताऱ्यावरची तपासणी

मुलामा चढवण्याआधीच आरसा नळीत बसवून आकाशावर पाहून घ्यावा. उघडी काच सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित करते आणि तेजस्वी ताऱ्यासाठी तो पुरेसा असतो. विदर्भातून ध्रुवतारा क्षितिजापासून २० ते २१ अंशांवर राहतो. तो जागचा हलत नाही ही सोय असली तरी तेवढ्या खाली हवा जाड आणि धुळीची असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जवळजवळ डोक्यावरून जाणारी रोहिणी अधिक चांगले उत्तर देते. नळी किमान तासभर अंगणात उघडी ठेवावी आणि ६ मिमीच्या नेत्रिकेने, म्हणजे २०० पट वर्धनाने, ताऱ्याचा ठिपका केंद्रबिंदूच्या थोडा आत आणि तेवढाच बाहेर नेऊन पाहावा. दोन्हीकडची वलये सारखी दिसली तर आरसा उत्तम. आतल्या बाजूला बाहेरचे वलय ठळक आणि बाहेरच्या बाजूला तेच फिके, पसरट दिसले तर अन्वस्त अजून अपुरे आहे, आणि याच्या उलट दिसले तर ते जास्त झाले आहे. वहीतले आकडे आणि तारा यांचे उत्तर जुळले नाही तर आधी नळीतल्या हवेवर आणि नळीतल्या दुसऱ्या, छोट्या तिरप्या आरशाच्या बसवणीवर संशय घ्यावा, काचेवर नंतर.

दोन्ही जुळले की आरशाच्या पाठीवर व्यास, वक्रता त्रिज्या आणि तारीख हिऱ्याच्या कलमाने कोरावी. पृष्ठ सौम्य द्रव साबणाने आणि शेवटी बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरने धुवून उभे ठेवून वाळवावे. पृष्ठाला काहीही टेकणार नाही अशा रीतीने, फक्त कडेवर आधार देणाऱ्या लाकडी पेटीत बंद करून, आरसा अॅल्युमिनियमच्या निर्वात मुलाम्यासाठी पाठवावा.